डिझेल नेमकं कुठे अडतं?

डिझेल इंजिनाची गरज तीन गोष्टींत भागते: हवा, दाब आणि वेळेवर मिळणारं डिझेल. पेट्रोल इंजिनात ठिणगी पाडायला स्पार्क प्लग असतो, इथे तो नसतोच. पिस्टन आत घेतलेली हवा सोळा-अठरा पटींनी दाबतो, दाबलेल्या हवेचं तापमान ५०० अंश सेल्सिअसच्या वर जातं आणि त्या तापल्या हवेत डिझेलचा बारीक फवारा सुटला की तो आपोआप पेटतो. जर्मनीतल्या ऑग्सबर्ग शहरात १८९७ मध्ये रुडॉल्फ डिझेल यांचं इंजिन याच तत्त्वावर यशस्वीपणे चाललं. आजचा ट्रॅक्टर, टँकर किंवा सोसायटीतला जनरेटर त्याच तत्त्वावर चालतो. त्यामुळे सेल्फ जोरात फिरतोय, बॅटरी चांगली आहे, एअर फिल्टर मोकळा आहे आणि तरी इंजिन चालू होत नाही, तर पहिला संशय डिझेलवरच घ्यायला हवा.

भोपाळच्या दक्षिणेला चुना भट्टीकडून गोल जोडच्या दिशेने जाणारा कोलार रोड म्हणजे डिझेलच्या कामांचा रस्ता. नव्या वसाहतींना पाणी पोचवणारे टँकर, शाळांच्या बस, बांधकामांवरची जेसीबी, उंच इमारतींच्या तळाशी बसवलेले जनरेटर आणि कोलार धरणाकडच्या गावांतून गहू-सोयाबीन घेऊन येणारे ट्रॅक्टर, सगळं डिझेलवर चालतं. यातलं एखादं इंजिन थांबलं की कुणाचा तरी दिवस थांबतो. टँकरवाल्याची खेप बुडते, वसाहतीतली मडकी रिकामी राहतात, पेरणीच्या दिवसांत तर शेतकऱ्याचा वाफसाच हातचा जातो. घाईच्या अशा वेळी सगळ्यात महाग भागावर संशय घेतला जातो. ‘पंप गेला’ असं कुणीतरी म्हणतं, पंप उतरतो, दुकानात जातो, हजारो रुपये खर्च होतात आणि दोष निघतो तो टाकीजवळच्या तडकलेल्या रबरी नळीत.

म्हणून शोध टाकीपासून सुरू करावा, डिझेल ज्या वाटेनं जातं त्याच वाटेनं पुढे सरकावं आणि मधला एकही टप्पा गाळू नये. डिझेल न मिळण्याची बहुतेक कारणं कमी दाबाच्या, स्वस्त आणि उघड्या डोळ्यांनी दिसणाऱ्या भागात असतात. क्रम पाळला तर ती तिथेच सापडतात.

पहिली साक्ष सायलेन्सरची

पाना हातात घेण्याआधी एकानं सेल्फ मारावा आणि दुसऱ्यानं सायलेन्सरच्या तोंडाकडे बघावं. इंजिन फिरतंय आणि धूर अजिबात येत नाही, तर सिलिंडरपर्यंत डिझेल पोचतच नाही. पांढरट, डोळ्यांना झोंबणारा धूर येत असेल, तर डिझेल आत जातंय पण पेटत नाही. मग दोष दाबात, थंडीत, सिलिंडर तापवणाऱ्या ग्लो प्लगमध्ये किंवा पंपाच्या टायमिंगमध्ये शोधावा लागतो. काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानानं हवा कमी. एवढ्या एका निरीक्षणानं अर्धी शक्यता बाद होते, आणि त्याला पैसाही लागत नाही.

पुढचं सगळं प्रकरण पहिल्या स्थितीबद्दल आहे: सेल्फ फिरतोय, धूर नाही. एक दक्षता मात्र लगेच सांगायला हवी. सेल्फ एका वेळी दहा-पंधरा सेकंदांहून जास्त मारू नये आणि मध्ये मिनिटभर थांबावं. नाहीतर डिझेलचा दोष सापडेपर्यंत सेल्फ आणि बॅटरी दोन्ही हातची जातात.

डिझेलची वाट

जुन्या पद्धतीच्या ट्रॅक्टर किंवा टँकरमध्ये डिझेलची वाट अशी असते. टाकी, तिच्या तळाची किंवा तोंडाची जाळी, तिथून फीड पंपापर्यंतची नळी, फीड पंप आणि त्यावरचा हातानं दाबायचा प्रायमर, पाणी वेगळं करणारी वाटी, एक किंवा दोन फिल्टर, मग फ्युएल इंजेक्शन पंप, पंपापासून प्रत्येक सिलिंडरकडे जाणारे पोलादी पाइप आणि शेवटी नोझल. उरलेलं डिझेल रिटर्न पाइपमधून टाकीत परत येतं.

या वाटेचे तीन भाग पाडले की शोध सोपा होतो. टाकीपासून फीड पंपापर्यंत डिझेल ओढलं जातं. फीड पंपापासून इंजेक्शन पंपापर्यंत ते एक-दोन बार एवढ्या हलक्या दाबानं ढकललं जातं. इंजेक्शन पंपापासून नोझलपर्यंत मात्र दाब दोनशे बारच्या आसपास किंवा त्याहून पुष्कळ वर जातो. ओढण्याचा, ढकलण्याचा आणि दाबण्याचा असे हे तीन भाग. प्रत्येकाचा दोष वेगळ्या खुणा दाखवतो.

जिथे ठिबकत नाही तिथलीच गळती

डिझेलची गळती म्हणजे ओला डाग, असं आपण धरून चालतो. ढकलण्याच्या भागात ते खरं आहे. तिथे आत दाब जास्त असल्यामुळे भेगेतून डिझेल बाहेर येतं आणि धूळ चिकटून काळा डाग पडतो. ओढण्याच्या भागात मात्र उलट घडतं. तिथे आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो, म्हणून भेगेतून डिझेल बाहेर येत नाही, बाहेरची हवा आत जाते. उसाच्या रसाची स्ट्रॉ वरच्या बाजूला तडकली असेल तर कितीही ओढा, तोंडात रसाऐवजी हवा येते आणि स्ट्रॉ बाहेरून कोरडीच राहते. फीड पंपाच्या अलीकडची सैल क्लिप, उन्हानं कडक झालेली नळी, दुसऱ्यांदा वापरलेलं तांब्याचं वॉशर किंवा फिल्टर बदलताना दुमडलेली रबरी रिंग याच रीतीनं हवा आत घेतात. मिस्त्री याला ‘गाडीनं एअर घेतली’ म्हणतात.

एवढीशी हवा अवजड इंजिन कसं थांबवते, हे आकड्यांत पाहण्यासारखं आहे. पंचेचाळीस अश्वशक्तीच्या तीन सिलिंडरच्या ट्रॅक्टरला पूर्ण भारावर एका फवाऱ्यात साधारण ५० ते ५५ घन मिलिमीटर डिझेल लागतं, म्हणजे जेमतेम एक थेंब. पंपाचा प्लंजर एका फेऱ्यात एवढंच डिझेल पुढे सारतो. डिझेल जवळजवळ दाबलं जात नाही. दोनशे बारला त्याचं आकारमान एक-दीड टक्क्यानंच कमी होतं. म्हणून प्लंजर सरकला की दाब झटकन चढतो आणि नोझल उघडतो. आता पाइपमध्ये त्या थेंबाएवढाच हवेचा बुडबुडा अडकला आहे असं धरा. दोनशे बारचा दाब गाठायला हा बुडबुडा मूळ आकाराच्या दोनशेव्या भागापर्यंत आवळावा लागतो. प्लंजरचा जवळजवळ सगळा फेरा त्यातच खर्च होतो, नोझल उघडत नाही आणि प्लंजर मागे फिरला की बुडबुडा पुन्हा फुगतो. पंप धडधाकट, नोझल धडधाकट, टाकी भरलेली, आणि इंजिन मात्र बंद.

हवेच्या दोषाची खूणही ओळखता येते. रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी चालू होत नाही, प्रायमर मारला की होते, आणि दिवसभर नीट चालून दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच. रात्री हवा आत शिरते आणि डिझेल हळूहळू टाकीकडे उतरतं. अशा वेळी रोज प्रायमर मारत राहणं हा उपाय नव्हे. फीड पंपाच्या आधी तात्पुरती पारदर्शक नळी जोडली, तर बुडबुडे डोळ्यांना दिसतात. मग नळीचा एकेक जोड घट्ट करत मागे जायचं. बुडबुडे थांबले की दोषाचा जोड सापडला.

टाकी, झाकण आणि बाटलीची परीक्षा

टाकीत डिझेल आहे हे काट्यावरून ठरवू नये. काटा अडकतो, फ्लोट फुटतो. स्वच्छ काठी घालून पाहावी. चढावर तिरक्या उभ्या गाडीत तर थोडं डिझेल असूनही नळीच्या तोंडाशी ते नसतं.

झाकणातलं किंवा टाकीवरचं हवेचं छिद्र हा सगळ्यात दुर्लक्षित भाग आहे. डिझेल जेवढं बाहेर जातं तेवढीच हवा टाकीत आली पाहिजे. धुळीनं छिद्र बुजलं की टाकीत निर्वात पोकळी तयार होते आणि फीड पंपाला ओढता येईनासं होतं. याची खूण स्पष्ट असते. इंजिन नीट चालू होतं, अर्धा-पाऊण तास चालतं, मग शक्ती घटत जाऊन थांबतं. झाकण उघडताच आत हवा शिरल्याचा आवाज येतो आणि थोड्या वेळानं इंजिन पुन्हा चालतं. हा दोष सुई आणि फडक्यानं दुरुस्त होतो.

टाकी आणि नळी यांचा निकाल एका फटक्यात लावायचा असेल, तर बाटलीची परीक्षा करावी. स्वच्छ डिझेल भरलेली बाटली इंजिनापेक्षा उंचावर, गरम सायलेन्सरपासून दूर धरायची आणि तिच्यातून नळी थेट फीड पंपाच्या तोंडाला जोडायची. हवा काढून इंजिन चालू केलं आणि ते सुरळीत चाललं, तर दोष मागच्या भागात: टाकी, जाळी, झाकण किंवा नळी. तरीही चाललं नाही, तर पुढे सरकायचं. कोणत्याही दोषाचा शोध असा अर्ध्यातून अर्धा करत गेला की पंप विनाकारण उतरत नाही.

पाणी आणि मळ

डिझेलमध्ये पाणी मिसळलं तर काय होतं, याचं मोठं उदाहरण मध्य प्रदेशानं जून २०२५ मध्ये पाहिलं. मुख्यमंत्री मोहन यादव यांच्या रतलाम दौऱ्यासाठी इंदूरहून आलेल्या १९ गाड्यांनी रतलामजवळच्या डोसीगावच्या पंपावर डिझेल भरलं आणि थोड्याच अंतरावर त्या एकामागोमाग बंद पडल्या. टाक्या खाली उतरवल्यावर डिझेलसोबत पाणी निघालं. प्रशासनानं पंप सील केला. दिवस पावसाचे होते. चालक, गाड्या, त्यांची देखभाल सगळं वेगवेगळं आणि डिझेल मात्र एका ठिकाणचं, त्यामुळे तिथे दोष शोधायला वेळ लागला नाही. कोलार रोडवर एकटीच गाडी थांबते तेव्हा हा सोपा पुरावा हाताशी नसतो. म्हणून शेवटचं डिझेल कुठे आणि केव्हा भरलं, हा प्रश्न मिस्त्रीनं पहिल्यांदा विचारला पाहिजे.

पाण्याची घनता १, तर डिझेलची ०.८२ ते ०.८४५ च्या आसपास. पाणी तळाशी बसतं आणि टाकीची नळीही तळाजवळच असते. म्हणून टाकीत थोडंसं पाणी असलं तरी ते आधी ओढलं जातं. पाणी दाबाखाली पेटत नाही, पंपाला लागणारं वंगण देत नाही आणि प्लंजरवर गंज धरतं. भोपाळात वर्षाला हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. अर्धी रिकामी टाकी महिनाभर उभी राहिली तर दमट हवेतलं पाणीही आतल्या भिंतींवर दवासारखं जमतं. डिझेल आणि पाण्याच्या सीमेवर बुरशी आणि जिवाणू वाढतात आणि त्यांचा तपकिरी, बुळबुळीत साका फिल्टर बुजवतो. वर्षातून मोजकेच तास चालणाऱ्या सोसायटीच्या जनरेटरला हा आजार हमखास होतो, कारण त्यातलं डिझेल महिनोन्‌महिने हलत नाही.

तपासणी सोपी आहे. पाणी वेगळं करणाऱ्या वाटीचा तळाचा स्क्रू सैल करून पहिलं अर्धा ग्लास डिझेल काचेच्या बाटलीत घ्यावं आणि दहा मिनिटं ठेवावं. पाणी असेल तर खाली वेगळा थर दिसतो. पेट्रोल पंपावर डिझेलची घनता तपासून मागण्याचा ग्राहकाला हक्क आहे. त्यासाठी हायड्रोमीटर आणि जार पंपावर ठेवणं बंधनकारक असतं.

नवा धोका यूरियाच्या द्रावणाचा आहे. १ एप्रिल २०२० पासून धुराचे बीएस-६ नियम लागू झाल्यावर अनेक ट्रक आणि बसमध्ये धूर स्वच्छ करण्यासाठी ३२.५ टक्के यूरिया असलेलं पाणी वेगळ्या टाकीत भरतात. ते चुकून डिझेलच्या टाकीत गेलं तर पाण्याचा दोष आणि यूरियाचे खडे, दोन्ही आत जातात. असं झालं तर चावी फिरवूच नये. टाकी रिकामी करून धुतल्याशिवाय पुढे जाऊ नये.

थंडीचा दोष भोपाळात क्वचितच येतो. डिझेलमधलं मेण गोठून फिल्टर बुजतो तो हिमालयात. लडाखसाठी २०१९ मध्ये इंडियन ऑइलनं उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं डिझेल आणलं ते त्यासाठीच. मध्य प्रदेशातल्या सकाळी इंजिन चालू होत नसेल, तर थंडीला दोष देण्याआधी हवेचा शोध घ्यावा.

हवा काढण्याची रीत

जोड घट्ट झाले, नवा फिल्टर बसला, आता हवा बाहेर काढायची. जुन्या पद्धतीच्या इंजिनावर क्रम असा. आधी फिल्टरच्या डोक्यावरचा स्क्रू सैल करा आणि प्रायमर मारत राहा. फेस येईल, मग बुडबुडे, मग सलग डिझेल. प्रायमर चालू असतानाच स्क्रू घट्ट करा. दोन फिल्टर असतील तर टाकीकडचा पहिला आधी. मग इंजेक्शन पंपावरच्या स्क्रूशी तेच. त्यानंतरही इंजिन चालू झालं नाही, तर नोझलकडचे पाइपचे नट एखादा आटा सैल करून सेल्फ मारावा. प्रत्येक नटाशी डिझेल उसळायला लागलं की तो घट्ट करायचा.

प्रायमर हाताला कसा लागतो, हीसुद्धा साक्ष आहे. तो पोकळ लागत असेल आणि काहीच पुढे जात नसेल, तर मागे हवा आहे किंवा फीड पंपाच्या झडपा गेल्या आहेत. तो अतिशय कडक लागत असेल, तर पुढे फिल्टर बुजला आहे. डायफ्रामचा फीड पंप फाटला तर डिझेल इंजिनाच्या ऑइलमध्ये उतरतं. ऑइलची पातळी आपोआप वाढली आणि डिझेलचा वास आला, तर तो पंप बदलावा आणि ऑइलही बदलावं.

इथे हाताची काळजी सगळ्यात महत्त्वाची. जास्त दाबाच्या पाइपची गळती बोटानं चाचपून शोधू नये. तो फवारा कातडी भेदून आत जातो. बाहेर बारीकशी खूण दिसते आणि आत मात्र डिझेल पसरत राहतं. अशी जखम झाली तर दुखत नसलं तरी लगेच मोठ्या रुग्णालयात जावं, कारण उशीर झाला तर बोट किंवा हात गमवावा लागतो. गळती शोधायला पुठ्ठा पुढे धरावा. तसंच ग्लो प्लग किंवा हीटर असलेल्या इंजिनात चालू करण्यासाठी ईथरचा स्प्रे कधीही मारू नये. तो अवेळी पेटून पिस्टन फोडू शकतो.

बंद करणारा सोलेनॉइड, मग पंप आणि नोझल

पंप उतरवण्याआधी आणखी एक छोटी गोष्ट पाहायची. इंजिन बंद करण्यासाठी पंपाचं डिझेल तोडणारा सोलेनॉइड किंवा ओढायची केबल असते. केबल ‘बंद’ स्थितीत अडकली असेल तर टाकीपासून पंपापर्यंत सगळं ठीक असूनही एक थेंब पुढे जात नाही. चावी फिरवली की सोलेनॉइडचा ‘टक’ आवाज यायला हवा. आला नाही तर फ्यूज, वायर आणि तिच्यातलं व्होल्टेज तपासावं.

हे सगळं झाल्यावरच पंप आणि नोझलकडे वळायचं. पंपाचा प्लंजर आणि बॅरल यांच्यातलं अंतर दोन-तीन मायक्रॉन असतं आणि माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉनचा. रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यानं १९२७ मध्ये असे पंप मोठ्या प्रमाणावर बनवायला सुरुवात केली आणि डिझेल इंजिन ट्रकमध्ये सुटसुटीतपणे बसू लागलं. भारतात बंगळुरूला १९५१ मध्ये असे पंप बनवणारी मायको कंपनी सुरू झाली आणि पुढे तिचा नाशिकचा कारखाना नोझल आणि इंजेक्टरसाठी ओळखला जाऊ लागला. एवढ्या बारीक मापाचं काम रस्त्याच्या कडेला, धुळीत, अंदाजानं होत नाही. पंप आणि नोझल टेस्ट बेंच असलेल्या दुकानातच खोलावेत. नोझल किती दाबाला उघडतो, फवारा सारखा पडतो का आणि टोकाशी थेंब लोंबतो का, हे तिथेच कळतं.

कॉमन रेलची गोष्ट वेगळी

नव्या गाड्यांत सगळ्या नोझलना एकाच नळीतून, म्हणजे रेलमधून, डिझेल मिळतं. रेलमधला दाब चालू असताना दीड-दोन हजार बारपर्यंत जातो आणि फवारा कधी सोडायचा ते संगणक ठरवतो. ५० अश्वशक्तीवरच्या नव्या ट्रॅक्टरना १ जानेवारी २०२३ पासून आणि नव्या जनरेटरना त्याच वर्षी १ जुलैपासून धुराचे कडक नियम लागू झाले, त्यामुळे हे तंत्र आता शेतात आणि सोसायट्यांच्या तळघरांतही पोचतंय.

क्रम इथेही तोच आहे: टाकी, नळी, पाणी, फिल्टर, कमी दाबाचा पंप. पण नोझलचे नट सैल करून हवा काढण्याची जुनी रीत इथे वापरू नये. ती जीवघेणी ठरू शकते. रेलमध्ये साधारण दोनशे-तीनशे बार दाब तयार झाल्याशिवाय संगणक नोझल उघडतच नाही, म्हणून स्कॅनर लावून सेल्फ मारताना रेलचा दाब वाचावा. दाब चढत नसेल आणि मागचा भाग निर्दोष असेल, तर प्रत्येक इंजेक्टरमधून परत येणारं डिझेल वेगवेगळ्या बाटल्यांत मोजतात. एका बाटलीत इतरांपेक्षा पुष्कळ जास्त आलं, तर तो इंजेक्टर आतून गळतोय. कॉमन रेलच्या पंपाला डिझेल हेच वंगण असतं. टाकी कोरडी होईपर्यंत गाडी चालवली तर पंप आतून खरवडतो आणि त्याचा धातूचा चुरा सगळ्या इंजेक्टरपर्यंत जातो. म्हणून अशा गाडीत राखीव डिझेलवर फार दूर जाणं महागात पडतं.

जपणूक

यातले बरेच दोष टाळता येतात. दिवसाचं काम संपलं की टाकी भरून ठेवावी, पाण्याची वाटी दर आठवड्याला आणि पावसाळ्यात त्याहून लवकर रिकामी करावी, फिल्टर कंपनीच्या पुस्तिकेतल्या तासांप्रमाणे बदलावा, उघडलेल्या जोडाला नवं वॉशर लावावं आणि टाकीत कॅनमधून डिझेल भरताना जाळी आणि कापड दोन्ही वापरावं. सोसायटीचा जनरेटर दर आठवड्याला थोडा वेळ भारावर चालवावा.

भोपाळच्या दक्षिणेला नर्मदेकाठी बुधनीला १९५५ मध्ये ट्रॅक्टर प्रशिक्षण केंद्र सुरू झालं. आज ती केंद्र सरकारची कृषी यंत्रांच्या प्रशिक्षणाची आणि चाचणीची संस्था आहे. शेतकरी आणि कारागीर यांनी यंत्र समजून घ्यावं, हा तिचा हेतू होता आणि आहे. डिझेलची वाट पाठ असलेला चालक मिस्त्रीला ‘गाडी बंद पडली’ एवढंच सांगत नाही. धूर येत नाही, बाटलीवर चालते, टाकीवर चालत नाही, असं सांगतो. तेवढ्यानं मिस्त्रीचे दोन तास वाचतात, मालकाचे पैसे वाचतात आणि टँकर त्याच दिवशी पुढच्या वसाहतीत पोचतो. हे ज्ञान गॅरेजपुरतं ठेवू नये. ज्याच्या हातात चावी आहे त्या प्रत्येकाला ते द्यावं.